ब्रिकफील्ड ब्लूजचं लॅमिनेशन

"इंग्रज म्हाताऱ्याकडे गेलीस तर चहा पी, बिस्किट खा, हवेचं बोल. पण कपाटावरच्या डब्याकडे बोट दाखवून 'हे काय आहे' असं नको विचारू बाई. आमच्या ह्यांनी एकदा विचारलं होतं. आगगाड्यांची इंजिनं निघाली. अजून संपून नाही राहिली!"

लताताईंचा हा इशारा कस्तुरीनं हसण्यावारी नेला. लताताई मूळच्या नागपूरच्या, लंडनजवळच्या स्लाऊमध्ये वीस वर्षं काढलेल्या. कोथिंबीर कुठल्या दुकानात जुडीनं मिळते इथपासून कुठल्या डॉक्टरपुढे रडल्याशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही इथपर्यंत सगळं नव्या मराठी मंडळींना सांगणं हे काम त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलं होतं. एवढ्या सल्ल्यांतला एखादा सोडून दिला तर काय बिघडतं? शिवाय कस्तुरी इतिहासाची एम.ए. होती, फर्स्ट क्लास. 'हे काय आहे' हे विचारायचंच नाही तर इतिहास करायचा कसा? खरं सांगायचं तर स्लाऊला आल्यापासून त्या एम.ए.चा दुसरा काही उपयोगही झाला नव्हता.

सध्या तिचा पूर्णवेळ व्यवसाय काळजी करणे हा होता. दीड वर्षाची अक्षया चालायला लागल्यापासून घरातल्या प्रत्येक टेबलाच्या कोपऱ्याला रबर लागलं होतं, जिन्याला वर-खाली फाटकं बसली होती आणि द्राक्षं चार तुकडे केल्याशिवाय ताटलीत पडत नव्हती. तिचा नवरा परीक्षित ट्रेडिंग इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. तो म्हणायचा, "आपल्याकडे आता चोर आला तरी त्याला कुठे लागणार नाही."

मुलीची करून उरलेली काळजी कस्तुरी शेजारी वळवायची. भिंतीला भिंत लावून मिस्टर पार्जिटर राहायचे. पंच्याऐंशी ओलांडलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. त्यांच्या मागच्या वाढीव खोलीची खिडकी कस्तुरीच्या सिंकसमोर यायची. सकाळी तिथला पडदा सरकला की मगच ती स्वतःचा चहा गाळायची. हे एकदा बोलता बोलता तिनं त्यांना सांगितलं, तर ते नुसतं "हं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी घराची किल्ली आणून दिली. "पडदा उघडला नाही तर असू दे. दार फोडू नका. दार चांगलं आहे."

तर जूनमधल्या एका दुपारी पोस्टमननं पार्जिटरांचं पार्सल कस्तुरीकडे टाकलं, ते द्यायला ती गेली, आणि कपाटावर टॉफीचे जुने पत्र्याचे डबे एकावर एक रचलेले तिनं पाहिले. लताताई आठवल्या. तरीही तोंडातून निघालंच.

"हे काय आहे?"

फार वर्षं थांब्यावर उभं असलेल्या माणसाला बस दिसावी तसा त्यांचा चेहरा झाला.

"बेसबॉल," ते म्हणाले.

"अमेरिकेतला?"

"स्लाऊतला."

कस्तुरीच्या कडेवर अक्षया झोपली, उठली, रडली, बिस्किट खाऊन पुन्हा झोपली, तोवर तिला पुढचं सगळं कळलं. महायुद्धाच्या आधी इथल्या काही पोरांनी ही अमेरिकेतली फॅशन उचलली होती. टीमचं नाव ब्रिकफील्ड ब्लूज. मैदान चौकोनी, पण कोपऱ्यावर उभं केलेलं, शंकरपाळ्यासारखं (हे कस्तुरीच्या मनातलं, ते 'डायमंड' म्हणाले). चेंडू टोलवायचा आणि चारही कोपऱ्यांना शिवत घरी यायचं. सर्वांत लांबचा कोपरा म्हणजे सेकंड बेस, आणि तो राखायचे मिस्टर पार्जिटर. मग युद्ध आलं आणि खेळ मोडला. ते मैदान आता एका सुपरमार्केटच्या पार्किंगखाली आहे.

"आणि बाकीचे आठ जण?"

"दोघं युद्धात गेले. उरलेले सावकाश."

त्या आठांचं या जगात जे काही शिल्लक होतं ते डब्यांत होतं: सामन्यांच्या कार्यक्रमपुस्तिका, तिकिटांचे तुकडे, वेळापत्रकं आणि दारावर विकायला छापलेली खेळाडूंची फोटोकार्डं, नऊ. पार्जिटरांनी झाकण उघडलं, पण आतल्या कशाला हात लावला नाही. हात पुढे करून दाखवले. ते थरथरत होते. "मागे एकदा विल्फला उचलायला गेलो. थर्ड बेस राखायचा. कोपरा फाटला. तेव्हापासून झाकण बंद."

आता गावातली लायब्ररी ऑगस्टमध्ये जुन्या खेळांचं प्रदर्शन भरवणार होती आणि त्यांना हे डबे हवे होते. "तुम्ही इतिहासवाल्या आहात," पार्जिटर म्हणाले. "जरा नीट लावून द्याल?"

इंग्लंडला आल्यापासून डॉक्टरकडे, दवाखान्याच्या खिडकीत, नर्सरीत, सगळीकडे तिला 'मम', म्हणजे बाळाची आई, एवढंच म्हणत. मम, पुढच्या गुरुवारी या. मम, बाळाचा मोजा काढा. कुणीतरी पहिल्यांदाच तिला इतिहासवाली म्हटलं होतं. डबे बाबागाडीत बसवून आणि अक्षयाला काखोटीला मारून ती घरी आली.

"क्रिकेटच्या देशात येऊन बेसबॉल?" परीक्षितनं विचारलं.

"तुला नाही कळायचं. प्राथमिक साधनं आहेत ही," कस्तुरी म्हणाली. प्राथमिक साधनांना कुबट वास येत होता.

वास म्हटल्यावर लताताई आल्याच. डब्यात डोकावून त्यांनी कपाळाला हात लावला. "विचारलंस ना? काय करून राहिली तू हे! बरं, आता आणलंच आहे तर कडुनिंबाचा पाला टाक. कीड लागत नाही." स्लाऊत कडुनिंब कुठून आणायचा? "मग कढीपत्ता टाक. पाल्यासारखा पाला." कस्तुरीनं टाकला. दोन दिवसांनी एकोणीसशे अडतीसचा इंग्लिश बेसबॉल फोडणी दिल्यासारखा घमघमायला लागला.

आता तो वास घालवायचा तर ऊन हवं, आणि त्या वर्षी ऊन होतं. असं ऊन की बागेला पाइपनं पाणी घालायलाही बंदी आली होती. वर्ल्ड कपच्या फुटबॉलसाठी लावलेले इंग्लंडचे झेंडे गाड्यांवर विटून गेले होते. कस्तुरीनं मागच्या अंगणात जुनी सुती साडी अंथरली, त्यावर पापड वाळत घालावेत तसे कागद ओळीनं मांडले आणि प्रत्येकावर एकेक चमचा ठेवला. शास्त्रशुद्ध काम होतं. एवढंच की अक्षयाला चमचे आवडतात. ती एकेक चमचा उचलून बाहुलीला भरवत पुढे पुढे जात राहिली आणि तिच्या मागून वारा आला.

ब्रिकफील्ड ब्लूज कुंपण ओलांडून गेले.

पुढचा तास कस्तुरी अक्षयाला कडेवर घेऊन गल्लीतली दारं वाजवत होती. "एक्स्क्यूज मी, तुमच्या बागेत बेसबॉलचे काही कागद आलेत का?" आठवड्यापूर्वी हा खेळ कशाशी खातात हे जिला ठाऊक नव्हतं, तीच आता "म्हणजे तो मुलींचा राउंडर्स ना, लव्ह?" असं विचारणाऱ्या बाईला दारात उभं राहून दोन्हींतला फरक समजावून सांगत होती. लोक मदतीला मात्र तत्पर. ज्यांच्याकडे बेसबॉल सापडला नाही त्यांनी रिकाम्या हाती पाठवायला नको म्हणून पिझ्झाची पत्रकं आणि खिडक्या बसवून देणाऱ्यांच्या जाहिराती दिल्या. कोपऱ्यावरच्या मिसेस गिलनी गुरुद्वाऱ्याच्या लंगरचं निमंत्रण दिलं, आणि वर दोन पराठे.

एक वेळापत्रक कुणाच्या तरी रिसायकलिंगच्या डब्यात पडून कौन्सिलच्या गाडीत जाणार होतं. कस्तुरीनं कौन्सिलला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड होती.

"कागद आहे का?"

"हो."

"त्याला अन्न लागलंय?"

"नाही. म्हणजे... कढीपत्त्याचा वास आहे."

"मग बरोबर डब्यात गेलाय," ती मुलगी समाधानानं म्हणाली. शेवटी गाडीवाल्यानंच डबा उपडा करून ते काढून दिलं आणि विचारलं, "राउंडर्स का?"

संध्याकाळी मोजदाद झाली. सगळं परत आलं होतं, एका तिकिटाचा अर्धा भाग सोडून. तो अक्षयाच्या हनुवटीला चिकटलेला सापडला. म्हणजे त्याचा कोपरा सापडला. तिनं आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन केला.

"बाळानं काय गिळलंय, मम?"

"बेसबॉलचं तिकीट."

"साधारण केवढं?"

"अर्धं. पण ते युद्धाच्या आधीचं आहे. तेव्हा शाईत शिसं असायचं का हो?"

नर्सनं शाईचं सोडून दिलं. मग म्हणाली की बाळ हसतंय-खेळतंय ना, मग पाणी पाजा आणि लक्ष ठेवा. लक्ष ठेवणं हा तर कस्तुरीचा प्रांतच. पुढचे दोन दिवस तिनं जे लक्ष ठेवलं त्याचा तपशील सभ्य वाचकांपुढे मांडता येत नाही. अक्षया ठणठणीत राहिली. तिकीट मात्र इतिहासजमा झालं.

आता कस्तुरी खरी घाबरली. वारा, कीड, कुबट वास आणि पोटची मुलगी, एवढे सगळे शत्रू त्या आठ माणसांवर टपलेले, आणि राखणदार ती एकटी. तिनं कॉलिंग कार्ड खरवडून पुण्याला फोन लावला. आईनं हकिकत अर्धी ऐकली आणि फोन बाबांकडे दिला. बाबांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"लॅमिनेट कर."

इथे थोडं सांगायला हवं. कस्तुरीच्या माहेरी महत्त्वाचा कागद याचा अर्थच लॅमिनेट केलेला कागद असा होता. तिची दहावीची मार्कलिस्ट, जन्मपत्रिका, टाइपिंगचं सर्टिफिकेट, घराचा नकाशा, गणपतीच्या आरत्या, आजीच्या अक्षरातली अनारशांची कृती, सगळं प्लॅस्टिकच्या आत चकाकत होतं. त्या घरात लॅमिनेट व्हायची राहिली होती ती फक्त माणसं. ऊन आलं, पाऊस आला, झुरळं आली, कागदाला काही झालं नाही. तेव्हा बाबांचा शब्द हा कस्तुरीसाठी सल्ला नव्हता, संस्कार होता.

परीक्षितनं शुक्रवारी ऑफिसचं मशीन आणलं. पहिलं कार्ड तिनं श्वास रोखून आत सरकवलं. गुर्रर्र आवाज झाला आणि पलीकडून विल्फ बाहेर आला, गरम, गुळगुळीत, फाटलेला कोपरा घट्ट बसलेला. आता येऊ दे वारा! तिला इतकं हलकं किती महिन्यांत वाटलं नव्हतं. ब्लूज संपले तशी तिनं लसीकरणाची पानं केली, कचऱ्याच्या गाडीचे वार केले, आणि मिसेस गिलनी दिलेलं निमंत्रणही केलं. परीक्षितनं व्हिसाचे कागद हातात धरून दुसऱ्या खोलीत आश्रय घेतला.

सोमवारी दुपारी लायब्ररीनं पाठवलेले गृहस्थ पार्जिटरांकडे आले. केंब्रिजचे मिस्टर ट्रेलॉनी, जुन्या खेळांचे कागद जमवणारे नावाजलेले संग्राहक. त्यांनी आधी सुती पांढरे हातमोजे चढवले. कस्तुरीनं अभिमानानं डबा पुढे केला. त्यांनी झाकण उघडलं, आत पाहिलं आणि हातमोजे काढून ठेवले.

"ओह," ते म्हणाले.

इंग्रजांच्या 'ओह'मध्ये काय काय मावतं हे कस्तुरीला तोवर माहीत नव्हतं.

"हे निघत नाही," ट्रेलॉनी हळू आवाजात म्हणाले, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसे. "उष्णतेनं डिंक कागदाच्या धाग्यांत उतरतो. कायमचा. संग्राहकाच्या दृष्टीनं हा कागद मेला." त्यांनी एक पुस्तिका उजेडात धरली. "आणि हे?"

"कढीपत्ता," कस्तुरी म्हणाली. एक पान चुकून आत गेलं होतं आणि आता ते जगाच्या अंतापर्यंत हिरवं राहणार होतं.

"हे करण्यापूर्वी कुणा जाणकाराला विचारलं होतं?"

"माझ्या वडिलांना."

"ते कागद-संवर्धनात आहेत?"

"पाटबंधारे खात्यात होते."

ट्रेलॉनींनी पुस्तिका हळूच डब्यात परत ठेवली. कस्तुरीनं पार्जिटरांकडे पाहिलं. पुण्यात असतं तर एव्हाना आवाज चढले असते, तिची सात पिढ्यांची अक्कल निघाली असती आणि चहाच्या वेळेपर्यंत सगळं मिटलंही असतं. इथे तसं काही झालं नाही. थरथरते हात पुढे करून पार्जिटरांनी डबा घेतला. "थँक यू, माय डिअर. आता माझ्याकडे राहू दे." आणि दोघांनाही दारापर्यंत पोचवून त्यांनी दार लावून घेतलं. दार खरंच चांगलं होतं; आवाज झाला नाही.

त्या संध्याकाळी कस्तुरी जेवली नाही. "आठ जण होते रे," ती परीक्षितला म्हणाली. "दोघांना युद्धानं मारलं, सहा जण सावकाश गेले, आणि शुक्रवारी मी सगळ्यांना पुन्हा मारलं. मशीनमध्ये घालून."

"तू मशीन परत दे आधी," परीक्षित म्हणाला. मग तिचा चेहरा बघून त्यानं मुकाट्यानं खिचडी टाकली.

सकाळी तिनं दूध तापत ठेवलं आणि समोर पाहिलं. पडदा बंद. दूध वर आलं, उतू गेलं, शेगडीवर करपलं. पडदा बंदच.

"झोपले असतील," परीक्षित म्हणाला.

"ते कधी झोपून राहत नाहीत! धक्का बसला असेल त्यांना. या वयात हृदय कसं असतं माहितेय तुला?"

अक्षयाला कडेवर घेऊन, एका पायात स्वतःची आणि एका पायात परीक्षितची चप्पल घालून ती धावली. फाटकात लताताई भेटल्या. "काय झालं?" "पडदा!" एवढंच ती म्हणाली, तर लताताई हातातली भाजीची पिशवी टाकून मागे निघाल्या. किल्ली दोनदा हातातून पडली. आत सामसूम. वरून पाणी हिंदकळल्यासारखा आवाज येत होता. कस्तुरी जिना चढली. लताताई खालीच थांबल्या, मोबाइल हातात घेऊन, ॲम्ब्युलन्सच्या तयारीत. बाथरूमचं दार किलकिलं होतं.

"मिस्टर पार्जिटर?" तिनं हाक मारली.

"आत येऊ नका!" आतून आरोळी आली. "माझ्या अंगावर कपडे नाहीत, आणि तीन गडी बेसवर आहेत!"

कस्तुरीला कळेना की रडावं की ॲम्ब्युलन्स बोलवावी. "तुम्ही बरे आहात ना?"

"बरा? पाणी तीनदा बदललंय मी. ते नऊच्या नऊ टबात तरंगताहेत!" त्यांचा आवाज धापा टाकल्यासारखा, पण हसरा होता. "काल डब्यासमोर बसलो होतो. चहा सांडला. नेमका विल्फवर. मी डोळेच मिटले. मग फडक्यानं पुसला, तर विल्फ तसाच! पुन्हा सांडून पाहिला, मुद्दाम. तसाच! या हातांनी मला त्यांना शिवता येत नव्हतं हो. नुसतं झाकण बघायचं. आता सगळ्यांना आपापल्या जागी मांडलंय. टोलवायला मी, साबण म्हणजे चेंडू. फक्त विल्फ सारखा नळाकडे वाहत जातोय. जिवंत होता तेव्हाही जागेवर थांबायचा नाही!"

कस्तुरी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली आणि मोठमोठ्यानं रडायला लागली. आई रडते म्हणून अक्षयाही रडली. खालून लताताईंनी विचारलं, "गेले का गं?"

"नाही! खेळताहेत!"

लताताईंनी मोबाइल बंद केला. "मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "नको विचारू म्हणून."

प्रदर्शन ठरल्याप्रमाणे झालं. धोके तपासून घेतल्याशिवाय लायब्ररी काहीच मांडत नाही. तिथल्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिले, ओल्या फडक्यानं एक पुसला आणि त्यांचा चेहरा उजळला: काच नको, कुलूप नको, मुलांनी खुशाल हाताळावं. मिस्टर ट्रेलॉनी आले नाहीत. शाळेतली पोरं मात्र जमिनीवर बसून नऊ गडी मांडत होती आणि खुर्चीतले पार्जिटर त्यांच्यावर ओरडत होते, "विल्फला धरा!" अर्ध्या तिकिटाखाली त्यांनी स्वतः सांगून चिठ्ठी लावून घेतली होती: 'उरलेला भाग एका चाहतीनं खाल्ला.' कढीपत्त्याबद्दल कुणी विचारलं की ते म्हणत, "तो आमचा दहावा गडी."

नंतर परीक्षितची नोकरी बदलली आणि मंडळी लंडनच्या स्टॅनमोर भागात राहायला आली. घर मोठं आहे, जिन्याला फाटक एकच पुरतं. पण सिंकसमोर गॅरेजची भिंत आहे, आणि भिंतीला पडदा नसतो. कस्तुरी फोन करते. पार्जिटरांना आता घंटी ऐकू येत नाही. तिच्या जुन्या घरात नवे भाडेकरू आलेत. ते सिंकपाशी उभे असतात तेव्हा समोर बघत असतील असं तिला वाटत नाही. किल्ली तिनं लताताईंकडे ठेवली आहे. त्या रोज कुंपणावरून पडदा बघून येतात, पण आत जात नाहीत. म्हणतात, आत गेलं की आपण विचारतो, आणि विचारलं की दिवस जातो.

म्हणून कस्तुरीचं तुमच्याकडे एक काम आहे. इकडच्या मराठी मंडळींतले तुम्ही पुष्कळ जण स्लाऊमध्ये राहता, नाहीतर कुणाच्या बारशाला, गणपतीला तिकडे जाता. त्या गल्लीत एकदा शिराल का? मिसेस गिलचं घर कोपऱ्यावर. तिथे लताताईंचं घर कुणीही दाखवील, आणि त्या पार्जिटरांचं. आधी कुंपणावरून पडदा उघडा आहे ना ते बघा. मग दार वाजवा, बेल नको, हातानं जोरात. चहा देतील तो घ्या, बिस्किट घ्या, हवेचं मात्र काही बोलू नका. डब्याकडे बोट दाखवा आणि विचारा, हे काय आहे?

घाईत जाऊ नका. आणि परत आलात की कस्तुरीला तेवढं कळवा, विल्फ जागेवर आहे ना.